बघणाऱ्याची जागा : सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांमधलं अंतर

मराठी वाचकाला सुधीर पटवर्धन हे नाव बहुधा दोन ओळखींसह भेटतं. एक, कामगारांचे चित्रकार. दुसरी, डॉक्टर असलेले चित्रकार. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. मात्र त्या इतक्या सोयीच्या आहेत, की एकदा सांगून झाल्या म्हणजे चित्रांसमोर फार वेळ थांबायची गरज वाटत नाही. डॉक्टर म्हटल्यावर माणसांविषयीची कणव आली, कामगार म्हटल्यावर सामाजिक बांधिलकी आली, आणि या दोन शब्दांत जवळजवळ पन्नास वर्षांचं काम बसवून टाकलं, की लेख पुरा होतो.

कणव आणि बांधिलकी हे शब्द चित्रकाराच्या मनाविषयी काही सांगतात, चित्राविषयी फारसं सांगत नाहीत. चित्राला विचारायचे प्रश्न वेगळे असतात. हे दृश्य कुठून पाहिलं आहे? पाहणारा किती लांब आहे? तो रस्त्यावर उभा आहे की गच्चीवर? ज्याच्याकडे पाहिलं जात आहे त्याला ते ठाऊक आहे का? पटवर्धनांची चित्रं कालक्रमानं पाहत गेलं, तर विषयांपेक्षाही हे अंतर बदलत गेलेलं जाणवतं. प्रस्तुत लेखात मांडायचं आहे ते असं : कामगार आणि शहर हे त्यांच्या चित्रांमधले दिसणारे विषय आहेत, पण त्या चित्रांना धरून ठेवणारा विषय म्हणजे त्यांच्याकडे पाहणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाची जागा. ती जागा ते सतत तपासत आले आहेत. जिथे ती तपासायची राहिली, तिथे या चित्रांची मर्यादाही दिसते. आणि ती मर्यादा केवळ एका चित्रकाराची नाही, म्हणूनच तिच्याविषयी बोलायला हवं.

१. ठाणे आणि काळी काच

पटवर्धनांचा जन्म १९४९चा, पुण्यातला. तिथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ मध्ये डॉक्टर झाले. कलाशाळेत ते गेले नाहीत. चित्रकला स्वतःच शिकले. १९७३ मध्ये मुंबईला आले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सलग तीस वर्षं, त्यांनी ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलं. पूर्णवेळ चित्रकार झाले ते त्यानंतर. पहिलं एकल प्रदर्शन १९७९ मध्ये, दिल्लीत, इब्राहिम अल्काझी यांच्या 'आर्ट हेरिटेज'मध्ये झालं.

या तपशिलात ठाण्याला महत्त्व आहे. सत्तरच्या दशकातलं ठाणं धड महानगर नव्हतं आणि धड गावही नव्हतं. वागळे इस्टेटमधले कारखाने, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रसायनं, तळ्याकाठची जुनी वस्ती, नव्या को-ऑपरेटिव्ह सोसायट्या आणि डोंगरउतारावर चढत गेलेल्या झोपड्या, हे सगळं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होतं. मुंबईच्या कलाविश्वातल्या चित्रकाराला कामगार पाहायचा, तर गिरणगावात जावं लागे. ठाण्यातल्या डॉक्टरला तो सकाळी फलाटावर दिसे आणि दिवसा तपासणीच्या टेबलावर. पटवर्धनांनी कामगार हा विषय शोधून काढला असं म्हणण्यापेक्षा, तो रोज त्यांच्या समोर येऊन बसत होता असं म्हणणं अधिक बरोबर ठरेल.

त्यांच्या डॉक्टरकीचा चित्रांशी संबंध लावताना एक उपमा नेहमी वापरली जाते : क्ष-किरणांसारखी आरपार जाणारी नजर. ही उपमा मला उलटी वाटते. क्ष-किरण काय करतात? मांस, कातडी, कपडे, सगळं पुसट करतात आणि हाडांची सावली मागे ठेवतात. त्या काळ्या काचेवर माणसाची जात दिसत नाही, पगार दिसत नाही, चेहरा तर नाहीच. रोगी येतो, सांगितल्यावर श्वास रोखून उभा राहतो आणि जातो. नंतर डॉक्टर त्याच्या गैरहजेरीत त्याची सावली वाचत बसतो. रेडिऑलॉजी ही वैद्यकातली कदाचित सर्वांत कमी स्पर्शाची शाखा असेल. अशा कामात दिवस घालवणारा माणूस संध्याकाळी कॅनव्हाससमोर उभा राहतो आणि नेमकं तेच रंगवतो, जे काचेवर नाहीसं झालेलं असतं : मांसाचं वजन, मानेचा जाडपणा, कष्टानं सुजल्यासारखे हात, अंगावर ताणलेला बनियन. काचेवर हरवलेलं शरीर ते परत मिळवत होते, असं मला वाटतं.

२. जवळ, पण अनोळखी

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली त्यांची चित्रं एकेका माणसाची आहेत. माणूस चौकट जवळजवळ भरून टाकतो. सेझान आणि लेजे या फ्रेंच चित्रकारांचा धडा त्यांनी कसा गिरवला ते इथे दिसतं : शरीर म्हणजे घनाकारांची बांधणी, रेषेनं काढलेली आणि रंगानं भरीव केलेली. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) हे चित्र त्या काळाचं प्रातिनिधिक मानता येईल. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, इतका साधा प्रसंग. पण त्या माणसाला पटवर्धन पुतळ्याचं वजन देतात.

कामगाराला भव्य करण्याची एक तयार परंपरा त्या वेळी हाताशी होती. सोविएत भित्तिचित्रांतला कामगार, उगारलेली मूठ, सूर्योदयाकडे लागलेले डोळे. डाव्या विचारांचं वाचन असलेल्या तरुण चित्रकाराला ती वाट सोपी होती. पटवर्धनांनी ती घेतली नाही. त्यांच्या माणसांच्या मुठी मिटलेल्या नाहीत. हात बहुतेक वेळा मांडीवर, टेबलावर किंवा नुसते लोंबत असतात. चेहरे जड आणि बंद आहेत. ते आपल्याकडे दया मागत नाहीत आणि आपल्याला हाकही देत नाहीत. कामाच्या दोन पाळ्यांमधला, कुणाचाच नसलेला वेळ ते घालवत असतात.

आता अंतराकडे पाहू. या चित्रांत आपण त्या माणसाच्या फार जवळ असतो. मध्यमवर्गीय माणूस कामगाराच्या इतक्या जवळ प्रत्यक्षात कधी येतो? मुंबईपरिसरात याचं उत्तर एकच आहे : लोकलमध्ये. गर्दीच्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बँकेतला कारकून, फिटर, हमाल आणि डॉक्टर एकमेकांच्या घामाचा वास घेत तासभर उभे असतात आणि एकमेकांचं नावही न विचारता आपापल्या स्टेशनवर उतरतात. पटवर्धनांचं 'ट्रेन' (१९८०) हे चित्र म्हणूनच मला त्यांच्या पहिल्या टप्प्याची किल्ली वाटतं. शरीरांची जवळीक पूर्ण आणि ओळख शून्य, हा या महानगराचा रोजचा अनुभव आहे. एकेकट्या माणसांच्या चित्रांतही हाच डब्यातला अनुभव आहे, बाकीचा डबा तेवढा पुसलेला. चित्रकार माणसाच्या अगदी शेजारी आहे, आणि त्याच्या आयुष्याविषयी त्याला फारसं माहीत नाही. हे माहीत नसणं त्यांनी लपवलं नाही, हा या चित्रांचा प्रामाणिकपणा आहे. बंद चेहरे हे त्याचंच चिन्ह.

पण इथेच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. ही चित्रं रंगवली जात होती त्याच दशकात मराठी साहित्यात काय घडत होतं? नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' १९६६ मध्ये आलं होतं. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह त्याआधीच, १९६३ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'ही त्याच वर्षी आला. कामगाराच्या शरीरावर वर्गाबरोबर जातीचंही ओझं असतं, हे मराठी वाचकाला या काळात ठणकावून सांगितलं जात होतं. पटवर्धनांच्या कामगाराला मात्र जात नाही. तो वर्गाचा माणूस आहे. शरीर, कपडे, उभं राहण्याची ढब, सगळं वर्गाचं. चित्रात जात दाखवायची कशी, असा प्रतिप्रश्न कुणी करील, आणि तो अगदीच गैरलागू नाही. कवितेला बोली असते, नाव-आडनाव असतं, वस्तीचं नाव असतं. चित्राला यातलं काही आयतं मिळत नाही. तरीही अस्पृश्यतेचा विषय थेट चित्रांत आणणारा सवी सावरकरांसारखा चित्रकार नागपुरातून पुढे आला, म्हणजे ते अशक्य नव्हतं. डब्यात शेजारी उभा असलेला माणूस कुठून आला, हे तो डबा सांगत नाही. पटवर्धनांच्या पहिल्या टप्प्याची ताकद आणि उणीव, दोन्ही त्या डब्यातल्याच आहेत.

३. माणसांसाठी जागा

१९८१ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत आणि दिल्लीच्या रवींद्र भवनात 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झालं. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधुरी आणि सुधीर पटवर्धन असे सहा चित्रकार त्यात होते. प्रदर्शनाच्या पुस्तिकेतला निबंध गीता कपूर यांचा होता. मुंबईत तोवर अमूर्त चित्रकलेचा दबदबा होता. गायतोंडे यांचं नाव आदर्श म्हणून घेतलं जात होतं. अशा वेळी माणसाची आकृती, तिची गोष्ट आणि तिचा परिसर यांना चित्रात पुन्हा हक्काची जागा हवी, असं या सहा जणांनी आपापल्या परीनं मांडलं. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या प्रदर्शनाला जे स्थान मिळालं, त्याची पुनरुक्ती इथे करत नाही.

लक्ष वेधायचं आहे ते त्याच सुमाराला पटवर्धनांच्या चित्रांत झालेल्या एका हालचालीकडे. चित्रकार दोन पावलं मागे सरकला. एकट्या माणसाच्या जागी घोळका आला. 'स्ट्रीट प्ले' (१९८१) आणि 'अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे' (१९८१) ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहावीत. एकात पथनाट्य आहे, दुसऱ्यात अपघात. विषय पार वेगळे, पण रचनेचा प्रश्न एकच : काहीतरी घडतं आहे आणि लोक ते पाहत आहेत. चित्रातच प्रेक्षक आला. कामगार दिनाला झालेल्या अपघाताभोवती माणसं जमतात. त्यांतलं कोण मदतीला आलं आहे, कोण नुसतं पाहायला, हे सांगणं अवघड. रस्त्यावर आपणही असेच थांबतो आणि आपल्यालाही आपला हेतू नक्की ठाऊक नसतो. पहिल्या टप्प्यात बघणारा चित्राबाहेर होता आणि आपल्याविषयी काही बोलत नव्हता. इथे तो गर्दीत सापडला आहे.

रणजित होस्कोटे यांनी पटवर्धनांवरच्या इंग्रजी पुस्तकाला (२००४) 'द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर' असं नाव दिलं. जे चाललं आहे त्यात स्वतःही सामील असलेला निरीक्षक, असा त्याचा आशय. हे वर्णन नेमकं आहे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे, की सामील असण्याची ही जाणीव नैतिक भूमिका म्हणून आधी ठरवून मग चित्रात आलेली दिसत नाही. ती रचनेच्या अडचणीतून आली. एकट्या आकृतीला पार्श्वभूमी मोघम ठेवूनही चालतं. घोळका रंगवायचा, तर तो कुठून दिसतो हे ठरवावंच लागतं. ते ठरवताना चित्रकाराला स्वतःचे पाय कुठे आहेत ते पाहावं लागलं.

४. गच्चीवरून

'टाउन' (१९८४) या चित्रात पावलं आणखी मागे आणि वर गेली. एका नजरेत न मावणारं गाव इथे पसरलं आहे. पाश्चात्त्य यथार्थदर्शनाचा एकच बिंदू धरला, तर इतकं सगळं एकाच वेळी दिसणार नाही. पटवर्धन अनेक बिंदू वापरतात. रस्ता एका जागेवरून पाहिलेला, घरं दुसऱ्या, टेकडी तिसऱ्या. आपल्याकडच्या लघुचित्रांना हे नवं नाही. राजवाडा वरून आणि आतली माणसं समोरून दाखवणं ही तिथली नित्याची रीत आहे. फरक इतकाच, की लघुचित्रातला प्रत्येक माणूस आपल्या जागी असतो आणि राजाला सगळं दिसतं. 'टाउन'मध्ये राजा नाही, आणि सगळं दिसणाऱ्याला त्यातलं काहीच हलवता येत नाही.

अंतर वाढलं की ज्ञान वाढतं आणि ओळख कमी होते. वरून पाहणाऱ्याला रस्ता कुठून येतो आणि कुठे जातो हे कळतं. त्यावरच्या माणसाच्या मानेचा घाम दिसत नाही. काही समीक्षकांना या टप्प्यात कामगाराचं शरीर हरवल्याची खंत वाटली. मला तो हरवणं हाच या चित्रांचा ऐवज वाटतो. कारण चित्राबाहेरही नेमकं तेच होत होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर कामगार हा शहराच्या मध्यभागी उभा असलेला माणूसही विरत गेला. तो गेला कुठे? वॉचमन झाला, भाजीच्या गाडीवर बसला, रिक्षा चालवू लागला, गावी परतला. त्याला एकत्र पाहण्याची जागाच उरली नाही. १९७७ सारखा भरीव, चौकट भरून टाकणारा कामगार १९९० मध्ये रंगवला असता, तर तो खोटा ठरला असता.

'लोअर परळ' (२००१) हे चित्र या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. गिरण्यांच्या जमिनी कुणाच्या, हा प्रश्न त्या वर्षांत शहरात धुमसत होता. चिमण्यांच्या मुलुखात काचेचे मनोरे उगवू लागले होते. पटवर्धन तिथे निषेधाची घोषणा करत नाहीत आणि गेलेल्या दिवसांसाठी उसासेही टाकत नाहीत. ते जुनं आणि नवं एकाच प्रकाशात, सारख्याच काळजीनं रंगवतात. हा तटस्थपणा काहींना थंड वाटेल. पण चित्रातली माणसं पाहा. ती चालत आहेत, आपापल्या कामाला निघाली आहेत. आपण इतिहासाच्या सांध्यावर उभे आहोत याची त्यांना फिकीर दिसत नाही. स्थित्यंतर दिसतं ते गच्चीवरल्याला. खालच्याला फक्त पुलावरून पलीकडे जायचं असतं. हा भेद एकाच चौकटीत दाखवता येणं सोपं नाही.

या दोन चित्रांमध्ये १९९२-९३ची दंगल येते. तिच्यानंतर पटवर्धनांच्या चित्रांतली गर्दी पहिल्यासारखी राहिली नाही. 'स्ट्रीट प्ले'मधल्या घोळक्याविषयी एक विश्वास होता, की माणसं एकत्र आली म्हणजे त्यातून काही चांगलं निघू शकतं. नव्वदच्या दशकात त्यांनी 'रायट' रंगवलं, तेव्हा त्याच रस्त्यावरचा तोच माणूस जमावातला माणूस झाला होता. डाव्या विचारांवर वाढलेल्या पिढीसाठी हा फार कडू धडा होता. ज्याच्याविषयी कणव बाळगली, त्याच्याच हातात दगड दिसला. आणि आपण मात्र खिडकीत उभे होतो.

५. खिडकीच्या आतली बाजू

ती खिडकी हाच पुढच्या टप्प्याचा विषय झाला. गेल्या दीड-दोन दशकांत पटवर्धनांच्या चित्रांत घर आलं : खोल्या, पलंग, म्हातारपण, कुटुंबातली न बोललेली तेढ, रिकाम्या खुर्च्या, स्टुडिओ. 'वॉर झोन स्टुडिओ' या शीर्षकातच युद्धभूमी आणि चित्रकाराची खोली एकमेकांत शिरलेली आहे. 'रस्ता सोडून घरात शिरले' अशी या बदलावरची सर्वसाधारण प्रतिक्रिया असते. तिच्यात किंचित आरोपही असतो, जणू बांधिलकी निवृत्त झाली.

माझं वाचन वेगळं आहे. तीस-पस्तीस वर्षं जो माणूस बघत होता, त्याच्याकडे अखेर कॅमेऱ्याचं तोंड वळलं. लोकलच्या डब्यातून तो कुठल्या घरी परत जात होता? गच्ची कुणाच्या घराची होती? शहराकडे पाहणारी मध्यमवर्गीय नजर ज्या भिंतींच्या आत तयार होते, त्या भिंती दाखवल्याशिवाय ती नजर तपासून पुरी होत नाही. त्यामुळे घरातली ही चित्रं मला रस्त्यावरच्या चित्रांची उरलेली अर्धी बाजू वाटतात. अलीकडच्या 'सिटीज : बिल्ट, ब्रोकन' या प्रदर्शनाच्या नावात बांधलेली आणि मोडलेली शहरं एका श्वासात येतात. दूरच्या युद्धांत उद्ध्वस्त झालेली शहरं आपल्यापर्यंत पोचतात ती घरात बसून पाहिलेल्या पडद्यावरून. अंतर आता हजारो किलोमीटरचं, आणि पडदा हातभर लांब. लोकलच्या डब्यातला जुना प्रश्न नव्या रूपात परत आला आहे : इतक्या जवळ, आणि तरी अनोळखी.

६. चित्रासमोर कोण?

आतापर्यंत चित्राच्या आतल्या अंतराविषयी बोललो. बाहेरचंही एक अंतर आहे, आणि त्याविषयी गप्प राहून पटवर्धनांवर लिहिणं अप्रामाणिक ठरेल. ज्यांना रंगवलं ती माणसं ही चित्रं पाहतात का?

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झालं. 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' हे त्याचं नाव. काळा घोड्याच्या त्या इमारतीत अर्धवर्तुळाकार मजले चढत घुमटापर्यंत जाताना एक आयुष्य उलगडत होतं. कोणत्याही कलादालनात असतात तसे सुरक्षारक्षक तिथेही होते, दिवसभर उभे. पटवर्धनांच्या चित्रांच्या बाबतीत या नेहमीच्या दृश्याला वेगळा अर्थ येतो. चित्रात जो माणूस आहे तो दालनातही आहे, पण चित्राकडे पाठ करून. त्याचं काम आपल्याकडे पाहण्याचं आहे.

पटवर्धनांना हा पेच टोचत राहिला असावा, असं त्यांच्या कृतीवरून म्हणता येतं. २००८-०९ मध्ये 'बोधना' या संस्थेच्या पुढाकारानं 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरलं. त्याची निवड आणि मांडणी पटवर्धनांची होती. मूळ चित्रं, छापील प्रती नव्हेत, मुंबई-पुण्याबाहेरच्या शहरांत गेली. वयाच्या साठीला आलेल्या, नाव झालेल्या चित्रकारानं स्वतःचं काम बाजूला ठेवून इतरांची चित्रं गावोगाव नेण्यात वेळ घालवावा, हे आपल्याकडे नित्याचं नाही. मला यातली आणखी एक गोष्ट बोलकी वाटते. त्यांच्या बहुतेक चित्रांची शीर्षकं इंग्रजी आहेत. त्यांच्यावरची महत्त्वाची पुस्तकं इंग्रजीत आहेत. सिंहावलोकनाचं नावही इंग्रजी होतं. या फिरत्या प्रदर्शनाचं नाव मात्र मराठी होतं. प्रेक्षक बदलला की भाषा बदलावी लागते, एवढं साधं हे आहे. पण मग उरलेल्या वेळी प्रेक्षक कोण गृहीत धरला होता, हा प्रश्नही त्यातूनच निघतो.

दुसऱ्या बाजूला 'मुंबई प्रॉव्हर्ब्स' (२०१४) हे सात भागांचं भव्य चित्र आहे. शहराचा इतिहास आणि त्यातले कष्ट एवढ्या विस्तारानं मांडणारी चित्रं आपल्याकडे थोडी आहेत. ते महिंद्र उद्योगसमूहासाठी केलेलं काम आहे. यात विरोधाभास आहे हे सांगायला समीक्षक लागत नाही. तरी त्यावरून चित्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणंही मला पटत नाही. तैलरंगातली मोठी चित्रं विकत घेणं, जपणं, टांगणं ज्यांना परवडतं त्यांच्याकडेच ती जाणार. सार्वजनिक संग्रहालयं जिथे मोजकी आहेत आणि महानगरपालिकांच्या कलादालनांत कायमस्वरूपी संग्रहाची कल्पनाच रुजलेली नाही, तिथे चित्र आणि त्यातला माणूस यांची भेट घडवणं एकट्या चित्रकाराच्या हातात नसतं. ठाण्याविषयी इतकं रंगवलं गेलं. त्यातली चित्रं ठाण्यातल्या शाळकरी मुलाला कायमची पाहता येतील अशी एक भिंत ठाण्यात असायला हवी, ही मागणी आपण, वाचकांनी आणि नागरिकांनी, करायची आहे.

७. ज्याच्याकडे पाहिलं त्याची नजर

अंतराचा हा प्रश्न पटवर्धनांच्या कामात सुटत नाही, आणि तो त्यांच्याकडून सुटावा अशी अपेक्षाही चुकीची. बघणाऱ्यानं कितीही प्रामाणिकपणे आपली जागा तपासली, तरी ती त्याचीच जागा राहते. पुढचं पाऊल पडायचं ते दुसऱ्या बाजूनं, आणि ते पडलं आहे.

प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. त्यांच्या घरातल्या पिढ्यांनी कोळसा खाणीत काम केलं. ते कोळशानंच चित्रं काढतात, अनेकदा थेट दालनाच्या भिंतीवर, आणि प्रदर्शन संपलं की ती पुसली जातात. त्यांच्या आकृत्यांमध्ये माणसाच्या डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी अवजार. अमोल पाटील यांचा जन्म १९८७चा, मुंबईतला. आजोबा पोवाडे रचणारे, वडील महापालिकेत नोकरी करता करता नाटकं लिहिणारे. चाळीतलं आयुष्य आणि सफाई कामगारांचं जगणं हा त्यांच्या कामाचा गाभा. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथल्या 'डॉक्युमेंटा'त ते काम मांडलं गेलं. पाचपुते त्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिकात होते.

या दोघांच्या कामाशी पटवर्धनांची तुलना करून कुणाला वर-खाली लावायचं नाही. फरक जागेचा आहे. १९७७च्या चित्रात जो माणूस बंद चेहऱ्यानं बसला होता, त्याच्या मुला-नातवंडांच्या पिढीनं आता हातात कोळसा घेतला आहे. गंमत अशी, की त्यांना कामगाराचं शरीर भरीव, डौलदार रंगवावंसं वाटत नाही. पाचपुत्यांचा खाणकामगार अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र आहे. पाटलांच्या मांडणीत शरीर कित्येकदा नसतंच, असतात त्या त्यानं वापरलेल्या वस्तू आणि त्याचे आवाज. शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला शरीराचं वजन मोलाचं वाटलं. त्या शरीरात राहिलेल्यांना त्याचं झिजणं अधिक ठाऊक आहे. पटवर्धनांच्या पहिल्या टप्प्यातल्या चित्रांकडे मी आता परत जातो, तेव्हा त्यांतली भव्यता मला पूर्वीइतकी निरागस दिसत नाही. ती पाहणाऱ्याची गरज होती, असं वाटतं.

पण हेही खरं, की ही गरज त्यांनी पुढे स्वतःच ओळखली. मागे सरकले, वर चढले, घरात शिरले आणि आरशासमोर उभे राहिले. आपल्याकडे एकदा शैली सापडली आणि तिला गिऱ्हाईक मिळालं, की तीच आयुष्यभर गिरवण्याची चाल आहे. पटवर्धनांना कामगारांचे चित्रकार म्हणून सुखानं राहता आलं असतं. तसं न राहता, आपण कुठे उभे आहोत हे ते वयाच्या पंच्याहत्तरीतही विचारत आहेत. पुढच्या वेळी लोकलच्या डब्यात शेजारच्याच्या खांद्यावर आपला खांदा टेकेल, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. त्या माणसानं आपलं चित्र काढायचं ठरवलं, तर त्यात आपण कसे दिसू, याचा अंदाज करून पाहायला हरकत नाही.